वास चांगला, म्हणून औषध चांगले?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित अंश)

मी शहाडचा रहिवासी. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारी लोकल पकडली की पहिले स्टेशन आमचे. या मार्गावरच्या जुन्या प्रवाशाला डोळे मिटूनही शहाड आल्याचे कळे, ते वासावरून. आमच्याकडे १९५० च्या दशकापासून रेयॉनचा धागा तयार होतो. लाकडाच्या लगद्यापासून हा धागा काढायला कार्बन डायसल्फाइड हे रसायन लागते आणि त्या प्रक्रियेत हायड्रोजन सल्फाइड वायूही निर्माण होतो. कुजक्या अंड्यासारखा, सडलेल्या मुळ्यासारखा तो वास. आमच्याकडे येणारे पाहुणे नाकाला रुमाल लावत आणि विचारत, "तुम्ही इथे राहता तरी कसे?" आम्ही विचारत असू, "कसला वास?" कारण पाच-दहा मिनिटांत नाकाला सवय होते आणि वास येईनासा होतो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले. वर्गात या वासाचा विषय निघाला की मी मुलांना दोन गोष्टी हमखास सांगे. पहिली अशी की, हायड्रोजन सल्फाइड अगदी किंचित असला तरी नाकाला कळतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे शंभरेक भाग झाले की तो वास ओळखण्याची शक्तीच बधिर करतो. म्हणजे वायू जीवघेणा होतो नेमक्या त्याच वेळी वास नाहीसा होतो. दुसरी अशी की, अगदी शुद्ध कार्बन डायसल्फाइडचा वास गोडसर असतो, आणि तरीही दीर्घकाळ संपर्कात राहिल्यास तो मज्जासंस्थेला इजा करतो. तात्पर्य, वाईट वास म्हणजे विष आणि चांगला वास म्हणजे अमृत, हा हिशेब निसर्गाला मान्य नाही.

हे सगळे मी शिकवत होतो. आणि तरीही एकदा मी स्वतःच या हिशेबाला बळी पडलो. ती गोष्ट आधी सांगतो, कारण आजचे भाषण मुळात तिच्यामुळेच आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्याच इमारतीतल्या एक आजी संध्याकाळी देवापुढे दिवा लावत होत्या. कापराची पुडी पाटावर ठेवून त्या निरांजन घ्यायला स्वयंपाकघरात गेल्या. अडीच वर्षांच्या नातवाने दोन वड्या खडीसाखर समजून तोंडात टाकल्या. आजी धावत माझ्या दारात आल्या. "सर, पोराने कापूर खाल्ला हो! काही होईल का?" मी म्हणालो, "काकू, कापूर तर आपण तीर्थातसुद्धा घालतो. एवढ्याशाने काय होतंय? थोडा वेळ बघू या." त्या 'थोड्या वेळात' मुलाला उलटी झाली. मग त्याचे डोळे फिरले आणि रिक्षात बसेपर्यंत त्याला आकडी आली. दवाखान्यात त्याला दोन दिवस ठेवावे लागले. पोर वाचले, आज ते शाळेत जाते. आजींनी मला कधी बोल लावला नाही. पण 'थोडा वेळ बघू या' हे माझे शब्द मी विसरू शकलेलो नाही. कापूर देवाचा, कापूर वासाचा, म्हणून तो निरुपद्रवी, असे माझ्याही मनात कुठेतरी घट्ट बसले होते.

तर आज आपण सुगंधी तेले आणि 'अरोमाथेरपी' म्हणजे सुगंधोपचार, यांविषयीच्या अशा घट्ट बसलेल्या समजुती थोड्या हलवून पाहू.

तेल, पण तेल नव्हे

पहिला गोंधळ नावातच आहे. नीलगिरीचे तेल, लवंगेचे तेल, गवती चहाचे तेल असे आपण म्हणतो आणि आपल्या डोळ्यांसमोर तिळाचे किंवा खोबऱ्याचे तेल येते. वास्तविक या दोहोंचा संबंध नाही. खोबरेल हा स्निग्ध पदार्थ आहे. त्याचा थेंब कागदावर पडला तर डाग कायम राहतो. शुद्ध नीलगिरी तेलाचा थेंब कागदावर टाका, काही वेळाने तो उडून जाईल. ही उडून जाणारी, म्हणजे बाष्पनशील तेले. वनस्पतींच्या पानांत, सालीत, फुलांत, बियांत ती अत्यल्प असतात. पाला भांड्यात भरून त्यातून वाफ सोडायची, वाफेबरोबर सुगंधी द्रव्ये वर येतात, ती थंड केली की पाण्यावर तेलाचा तवंग जमतो. यालाच ऊर्ध्वपातन म्हणतात.

इंग्रजीत यांना 'इसेन्शियल ऑइल' म्हणतात. त्यामुळे अनेकांना वाटते की ही शरीराला आवश्यक अशी तेले आहेत, जीवनसत्त्वांसारखी. तसे नाही. तो शब्द 'इसेन्स' म्हणजे अर्क यावरून आलेला आहे. शरीराला या तेलांची कसलीही गरज नसते. वनस्पतींना मात्र असते. कीटक, बुरशी आणि चरणारी जनावरे यांना दूर ठेवण्यासाठी किंवा परागीभवन करणाऱ्या कीटकांना बोलावण्यासाठी झाडे ही द्रव्ये तयार करतात. म्हणजे यांपैकी बरीचशी द्रव्ये मुळात झाडाची शस्त्रेच आहेत.

'आपण रोज खातोच की!'

दुसरी समजूत अशी : लवंग आपण मसालेभातात घालतो, गवती चहा रोज पितो, ओवा बाळंतिणीला देतो; मग त्यांचेच तेल घेतले तर काय बिघडले?

इथे थोडे गणित करू. लवंगेत वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के तेल असते. एक लवंग सुमारे एक दशांश ग्रॅमची. म्हणजे एका लवंगेतले तेल भरते पंधरा-वीस मिलिग्रॅम. लवंग तेलाचा एक चहाचा चमचा, म्हणजे पाच मिलिलिटर, याचे वजन पाच ग्रॅमच्या थोडे वर. भागाकार करा, चमच्यात सुमारे तीनशे लवंगा आहेत! मसालेभातात आपण चार-पाच घालतो. गवती चहाचेही तसेच. शंभर किलो ओल्या पात्यांतून जेमतेम अर्धा किलो तेल मिळते. म्हणजे वनस्पतीच्या अनुभवावरून तिच्या तेलाविषयी अंदाज बांधणे ही चूक आहे. लवंग तेल एक-दोन चमचे पोटात गेल्याने लहान मुले बेशुद्ध झाल्याची आणि त्यांच्या यकृताला इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. आणि गंमत पाहा, याच लवंग तेलातले युजेनॉल हे द्रव्य झिंक ऑक्साइडबरोबर कालवून दंतवैद्य वर्षानुवर्षे दातात भरत आले आहेत. वस्तू तीच, पण मात्रा, जागा आणि देणारा हात वेगळा.

सांधेदुखीच्या मलमांना जो झणझणीत वास येतो, तो बहुधा मिथिल सॅलिसिलेटचा. गंधपुरा किंवा विंटरग्रीन तेल म्हणजे जवळजवळ हेच. ॲस्पिरिनचे ते सख्खे भावंड. या तेलाच्या एका चमच्यात ॲस्पिरिनच्या मोठ्या वीस-एकवीस गोळ्यांइतके सॅलिसिलेट असते. गोळ्यांची बाटली आपण मुलांपासून लपवून ठेवतो आणि हे तेल मात्र आजोबांच्या उशाशी उघडे असते.

कापराचे सांगतो. लहान मुलाच्या बाबतीत अर्धा ते एक ग्रॅम कापूरही जिवावर बेतल्याची उदाहरणे आहेत. तो पोटातून फार वेगाने रक्तात जातो आणि पाच मिनिटांपासून दीड तासाच्या आत आकडी येऊ शकते. अमेरिकेत १९८३ साली सरकारने मलमांतल्या कापराचे प्रमाण ११ टक्क्यांवर मर्यादित केले, ते अशाच अपघातांमुळे.

प्रौढांनीही गाफील राहू नये. बंगळूरच्या सेंट जॉन्स रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी चार वर्षे आकडीच्या रुग्णांना एक साधा प्रश्न विचारला, "गेल्या काही तासांत कापूर, नीलगिरी किंवा त्यांचे मलम वापरले होते का?" २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ३५० पैकी ५५ रुग्णांच्या आकडीचा संबंध अशा तेलांशी जुळला. त्यांतल्या काहींना ती आयुष्यातली पहिलीच आकडी होती, तर काही आधीपासून फेफऱ्याचे रुग्ण होते. याचा अर्थ मलम लावणाऱ्या प्रत्येकाला आकडी येते असा मुळीच नाही. लाखो लोक ती वापरतात आणि त्यांना काही होत नाही. पण ज्यांना फेफऱ्याचा त्रास आहे, त्यांनी कापूर आणि नीलगिरी यांपासून दूर राहावे, आणि डॉक्टरांशी बोलताना 'ते काय, साधे मलमच आहे' म्हणून ती गोष्ट वगळू नये.

नाक मोकळे झाले, की तसे वाटले?

सर्दीने नाक चोंदले की आपण पुदिन्याच्या फुलाचा, म्हणजे मेन्थॉलचा वास घेतो आणि चटकन मोकळे वाटते. इथे शरीर आपली मोठी गंमत करते. नाकातून जाणारी हवा यंत्राने मोजून पाहिली, तेव्हा मेन्थॉल हुंगण्यापूर्वी आणि नंतर तिच्यात फरक आढळला नाही. फरक पडला तो जाणिवेत. आपल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारे एक प्रथिन असते. मेन्थॉल त्यालाच चेतवते आणि मेंदूला 'गार हवा आत येते आहे' असा निरोप जातो. उष्णता आणि थंडी ओळखणाऱ्या अशा प्रथिनांच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला, आणि त्या संशोधनात मिरचीतले द्रव्य आणि मेन्थॉल यांचा मोठा उपयोग झाला होता.

मोठ्या माणसाला ही फसवणूक सुखाची वाटते, त्यात गैर काही नाही. पण तान्ह्या बाळाच्या नाकाशी किंवा छातीवर असे मलम चोळणे धोक्याचे आहे. तीव्र वासाने त्याचा श्वास क्षणभर अडू शकतो. दोन वर्षांखालच्या मुलांना कापूर-मेन्थॉलची मलमे लावू नयेत, असा इशारा बहुतेक डब्यांवर बारीक अक्षरांत असतो. तो वाचायला आजीला चष्मा लागतो, आणि चष्मा नेमका त्याच वेळी सापडत नाही.

वाफाऱ्याचेही असेच. गरम वाफेने बरे वाटते हे खरे, पण ती विषाणू मारत नाही. आणि उकळत्या पाण्याचे पातेले मांडीजवळ घेऊन टॉवेल पांघरलेले मूल हलले, तर सर्दीपेक्षा मोठे दुखणे उभे राहते. भाजण्याचे असे अपघात नेहमी घडतात.

पोटली आणि प्राणवायू

२०२१ चा एप्रिल महिना आपल्यापैकी कुणी विसरला नसेल. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत खाटा मिळत नव्हत्या, प्राणवायूच्या टाक्यांसाठी माणसे रांगा लावत होती. त्या दिवसांत प्रत्येकाच्या मोबाइलवर एक निरोप फिरत होता : कापूर, लवंग आणि ओवा यांची पोटली करा, तिच्यावर नीलगिरीचे दोन थेंब टाका आणि दिवसभर हुंगा, रक्तातला प्राणवायू वाढतो. अनेक घरांत उशाखाली ही पोटली होती. आमच्याही घरात होती.

तिचा उपयोग झाला का? रक्तातला प्राणवायू वाढायचा तर फुप्फुसांत जास्त प्राणवायू पोचला पाहिजे किंवा तो रक्तात उतरण्यातला अडथळा कमी झाला पाहिजे. कापराची वाफ यांतले काहीच करीत नाही. पोटली हुंगण्यासाठी आपण चार खोल श्वास घेतो, त्यामुळे बोटावरच्या यंत्रातला आकडा एखाद-दुसऱ्या अंकाने हलू शकतो. श्रेय मात्र कापराला जाते. पोटलीने थेट अपाय झालेले लोक थोडे असतील. खरा धोका होता तो वेळेचा. आकडा ९० च्या खाली आलेला असताना पोटलीवर विसंबून काढलेली एक रात्रही महाग पडू शकत होती. 'थोडा वेळ बघू या' हे शब्द इथेही दबा धरून बसलेले होते.

संकटात असे दावे उगवतात ते केवळ आपल्याकडेच नव्हे. २०१४ साली पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ होती, तेव्हा सुगंधी तेलांनी इबोला बरा होतो असे सांगणाऱ्या विक्रेत्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला ताकीद द्यावी लागली. आपल्याकडे तर १९५४ पासून जादूटोण्यासारख्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. ठरावीक रोग बरे करण्याचे दावे जाहिरातीतून करायला त्यात मनाई आहे. पण मोबाइलवरचा निरोप ही कोणाचीच जाहिरात नसते. तो काळजीने पाठवलेला असतो, आणि म्हणूनच तो थांबवणे कठीण असते.

प्रयोगशाळेतला हात

सुगंधोपचाराच्या पुस्तकांत एक कथा हमखास असते. रने-मोरिस गातफोसे या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा हात प्रयोगशाळेत भाजला. त्याने तो चटकन शेजारच्या लव्हेंडर तेलाच्या भांड्यात बुडवला आणि हात डाग न राहता बरा झाला! गातफोसे खरा, अपघातही खरा. तो १९१० साली झाला. 'अरोमाथेरपी' हा शब्द रूढ झाला तो त्याच्याच १९३७ सालच्या पुस्तकाने. पण त्याने स्वतः लिहिलेली हकिगत निराळी आहे. अंगाला लागलेली आग त्याने हिरवळीवर लोळून विझवली. पुढे हातांच्या जखमा चिघळल्या, तेव्हा त्याने त्या लव्हेंडरच्या अर्काने धुतल्या. म्हणजे त्याने लव्हेंडर वापरले ते जंतुनाशक म्हणून, जाणूनबुजून. प्रतिजैविके तेव्हा उपलब्ध नव्हती, हेही लक्षात घ्यायला हवे. बादलीत हात बुडवण्याची चमत्कारकथा नंतरच्यांनी रचली. ती ऐकून कुणी भाजलेल्या हातावर तेल ओतू नये. भाजल्यावर पहिला उपचार एकच : वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे.

ही तेले काचेच्या नळीत काही जंतू मारतात हे खरे आहे. त्यावरून 'सुगंधी द्रव्याची बाटली कधी बिघडत नाही' अशीही समजूत झाली आहे. २०२१ साली अमेरिकेत चार वेगवेगळ्या राज्यांतल्या चार जणांना मेलिऑइडोसिस हा उष्ण प्रदेशातला आजार झाला आणि त्यांतले दोघे दगावले. त्यांतले कोणी परदेशी गेलेले नव्हते. शोध घेता घेता तपास पोचला खोलीत फवारायच्या लव्हेंडर-कॅमोमाइलच्या बाटलीपाशी. ती बाटली भारतात तयार झालेली होती आणि तिच्यातल्या पाण्यात रोगाचे जंतू जिवंत होते.

रोशाचे तेल आणि 'शुद्धते'ची गोष्ट

आता शुद्धतेकडे वळू. बाटलीवर लिहिलेले असते, 'शंभर टक्के शुद्ध, उपचारयोग्य दर्जा'. हा 'उपचारयोग्य दर्जा' कोणतेही सरकार ठरवत नाही. तो विक्रेत्यांनी काढलेला शब्द आहे.

मग शुद्ध तेल नाकाने ओळखावे? याचे उत्तर आपल्या खानदेशाने दीडशे वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. नंदुरबार-पिंपळनेर भागातल्या डोंगरउतारांवर रोशा नावाचे गवत उगवते. ओढ्याकाठी भट्ट्या लावून त्याचे तेल काढले जाई आणि मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत पोचे. त्याचा उपयोग काय होत असे? बल्गेरियातल्या प्रसिद्ध गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्यासाठी! रोशाच्या तेलात जिरॅनिऑल हे द्रव्य भरपूर असते आणि गुलाबाच्या सुगंधातही तेच असते. भट्टीत टाकण्यापूर्वी पाकळ्यांवर रोशाचे तेल शिंपडले की भले भले अत्तरपारखी फसत. खानदेशचे गवत युरोपातल्या दरबारांत गुलाब म्हणून मिरवत होते.

या कथेतून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, नाक हा शुद्धतेचा विश्वासू साक्षीदार नव्हे. त्यापेक्षा गणित बरे. एक किलो गुलाबतेलाला साडेतीन-चार टन पाकळ्या लागतात. म्हणजे दहा मिलिलिटरच्या चिमुकल्या बाटलीला तीस-पस्तीस किलो. कुठल्याही बाजारात ती बाटली पन्नास रुपयांना मिळत असेल, तर तिच्यात गुलाब नाही, एवढे शाळकरी मुलगाही सांगेल. मोगऱ्याचे तर वाफेवर तेल निघतच नाही म्हटले तरी चालेल. उष्णतेने त्याचा नाजूक वास बिघडतो. तेव्हा स्वस्त 'मोगरा तेल' हे कारखान्यात केलेले मिश्रण असते. आमच्या अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीतही सुगंधी मिश्रणांचा उद्योग आहे. असे मिश्रण साबणात, उदबत्तीत घालणे हा प्रामाणिक धंदा आहे. ते औषध म्हणून विकणे हा नव्हे.

दुसरी गोष्ट, रेणूला आपले गाव ठाऊक नसते. गवतातले जिरॅनिऑल आणि गुलाबातले जिरॅनिऑल एकच. अंबरनाथचे शिवमंदिर इसवी सन १०६० मधले. त्या काळी कापूर यायचा तो झाडांपासून. आज पूजेला लागणारा बहुतेक कापूर पाइनच्या टर्पेंटाइनपासून कारखान्यात होतो. त्यामुळे 'आमचा नैसर्गिक आहे, तो बाधत नाही' हे म्हणणे टिकत नाही. दोन्ही कापूर पोटात गेले तर सारखेच घातक. आणि कपाटातली पांढरी डांबरगोळी म्हणजे कापूरच नव्हे, ते नॅप्थलिन. काही बालकांच्या रक्तपेशींत जन्मतःच एका विकराची कमतरता असते. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे-दुपटी वापरल्याने अशा बाळांच्या तांबड्या पेशी फुटून गंभीर कावीळ होऊ शकते.

जुनी बाटली अधिक गुणकारी, ही समजूतही उलटी आहे. हवा आणि उजेड लागून ही तेले बदलतात आणि त्यांतून त्वचेला अॅलर्जी आणणारी द्रव्ये तयार होतात. लिंबूवर्गीय फळांच्या सालींची काही तेले लावून उन्हात गेले तर कातडी भाजल्यासारखी काळवंडते.

मग सगळेच थोतांड?

नाही. तसे म्हणणे हाही गैरसमजच ठरेल. पेपरमिंट तेलाच्या, आतड्यात गेल्यावरच विरघळणाऱ्या कॅप्सूल पोटात मुरडा येणाऱ्या आतड्याच्या विकारात उपयोगी पडतात, असे बऱ्याच चाचण्यांत दिसले आहे. लव्हेंडर तेलाची ठरावीक मात्रेची कॅप्सूल जर्मनीत चिंतेच्या त्रासावर औषध म्हणून मिळते. सुगंधाने मन प्रसन्न होते, जुन्या आठवणी जाग्या होतात, मालिश करणाऱ्या हाताने अंगाचा शीण जातो. पहिल्या पावसाचा वास किंवा सोनचाफ्याचे फूल यांनी जे होते, त्याला पुरावा मागण्याचे कारण नाही. पण बरे वाटणे आणि बरे होणे यांत अंतर आहे. पहिल्यासाठी सुगंध जरूर वापरावा. दुसऱ्यासाठी निदान, मात्रा आणि जबाबदार माणूस लागतो.

आणि सुगंधाने हवा शुद्ध होते, ही शेवटची समजूतही सोडायला हवी. सुगंध दुर्गंधावर पांघरूण घालतो, तो त्याला बाहेर काढत नाही. उलट ही तेले हवेतल्या ओझोनशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतात. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये उल्हासनगरला वालधुनीच्या पात्रात कुणीतरी रसायन ओतले आणि त्याच्या वाफांनी शेकडो माणसांना रुग्णालय गाठावे लागले. त्या पहाटे लोक जागे झाले, घराबाहेर पडले, ते घाण वास आणि घशाची जळजळ यांमुळे. वाईट वास हा पुष्कळदा आपला पहारेकरी असतो. त्याच्या तोंडात कापराचा बोळा कोंबू नये.

घरातले पथ्य

जाता जाता चार साध्या गोष्टी. कापूर, नीलगिरी, अमृतधारा, मलमे ही औषधांच्या कपाटात, उंचावर ठेवावीत. पुदिन्याचे फूल, ओव्याचे फूल आणि कापूर हे तीन कोरडे पदार्थ एकत्र केले की पाणी होते, तीच अमृतधारा. वर्गात मुलांना हा प्रयोग फार आवडे. पण ती बाटली खोकल्याच्या औषधाशेजारी कधीही ठेवू नका. सुगंधी तेल कातडीवर लावायचे तर साध्या तेलात चांगले पातळ करून, आणि तेही आधी हातावर थोडे लावून बघून. घरात मांजर असेल तर ही तेले जपून वापरावीत. तिच्या यकृताला ती पचवता येत नाहीत.

आणि एखाद्या मुलाने यांतले काही गिळलेच, तर उलटी करवू नका. उलटी होताना ही पातळ तेले श्वासनलिकेत शिरतात. मीठपाणी नको, शेजाऱ्यांचा सल्ला नको. बाटली किंवा पुडी बरोबर घ्या, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठा. मूल हसत-खेळत असले तरीही.

आमच्या इमारतीतल्या त्या आजी अजूनही रोज संध्याकाळी कापूर लावतात. कापूर सोडा असे त्यांना कुणी सांगितले नाही आणि सांगूही नये. फक्त आता पुडी देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, पितळी डब्यात असते, आणि आरती झाली की झाकण लावल्याचा टक् असा आवाज आमच्या घरापर्यंत ऐकू येतो. त्या आवाजाने मला रोज बरे वाटते.